विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर : विवाहोत्तर नामबदलाच्या संदर्भात एका नावाची समीक्षा

प्रस्तावना

विवाहानंतर स्त्रीने आडनाव बदलावे की माहेरचे आडनाव कायम ठेवावे, हा प्रश्न मराठी नियतकालिकांतून आणि स्त्रीविषयक चर्चासत्रांतून अनेकदा चर्चिला गेला आहे. या चर्चेत सामान्यतः दोन बाजू मांडल्या जातात. एक बाजू नामबदलाकडे कुटुंबाच्या एकोप्याची खूण म्हणून पाहते, तर दुसरी बाजू त्यात स्त्रीच्या व्यक्तित्वाचा लोप पाहते. या दोन्ही बाजूंचे एक गृहीतक मात्र समान आहे. माहेरचे नाव टिकविणे ही शिक्षित, नोकरदार आणि प्रामुख्याने शहरी स्त्रीने अलीकडच्या काळात केलेली निवड होय, असे दोघेही धरून चालतात.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी आधार म्हणून पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या लोकरंगभूमीवरील एक नाव घेतले आहे. तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे हे नाव त्यांच्या कलाजीवनात विवाहामुळे बदलले नाही. असे असूनही स्त्रीच्या नावासंबंधीच्या मराठी चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. हे नाव का टिकले, टिकण्याची किंमत कोणती होती आणि त्याची दखल का घेतली गेली नाही, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे.

मराठी स्त्रीच्या नावाची घडण

मराठी माणसाचे व्यवहारातील नाव तीन पदांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. पुरुषाच्या बाबतीत ही तिन्ही पदे जन्मापासून मृत्यूपर्यंत कायम राहतात. स्त्रीच्या बाबतीत विवाहानंतर मधल्या पदात वडिलांच्या जागी पती येतो आणि तिसरे पद सासरचे होते. म्हणजे तीनपैकी दोन पदे बदलतात. विशेषतः ब्राह्मण कुटुंबांत ताटातील तांदळांवर नवे नाव लिहिण्याची रीत होती. त्यामुळे पहिले पदही बदलत असे आणि मुलीच्या जन्मनावाचा एकही अवशेष उरत नसे. म्हणून मराठीत हा प्रश्न केवळ आडनावाचा नाही. आडनावावर बरीच चर्चा होते, परंतु मधल्या नावाचा बदल बहुधा चर्चेविनाच स्वीकारला जातो, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांतून या संपूर्ण नामांतराची साक्ष मिळते. 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या माहेरच्या मनकर्णिका गोखले. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या रमाबाई रानडे या माहेरच्या यमुना कुर्लेकर. 'माझे पुराण' लिहिणाऱ्या आनंदीबाई कर्वे यांचे जन्मनाव गोदावरी जोशी. बालवैधव्यानंतर १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदी झाल्या. विधवाविवाहासारखे धाडसाचे पाऊल उचलणाऱ्या सुधारकांच्या घरातही नामबदलाची रीत तशीच राहिली, हे येथे नोंदविले पाहिजे. ज्या नावाने या स्त्रिया मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्थिरावल्या ते नाव विवाहाने दिलेले होते. त्या नावानेच त्यांनी स्वतःचे अनुभव निर्भीडपणे लिहिले. तेव्हा नामबदल झाला म्हणजे स्त्रीचा आवाज लोपला, असे सरसकट विधान करता येत नाही.

नारायणगावची पाटी

नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे जत्रा समितीचे कारभारी आपल्या गावच्या जत्रेसाठी फड ठरविण्यास येतात. राहुटीवर फडाच्या नावाची पाटी असते. कोणता फड घ्यावयाचा आणि सुपारी किती द्यावयाची, हे त्या नावाच्या लौकिकावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून तमाशात नाव हे भांडवल आहे. वग, ढोलकीवाला, नाच्या, सोंगाड्या बदलू शकतात, परंतु पाटीवरील नाव बदलले तर वर्षानुवर्षांचा लौकिक खर्ची पडतो.

विठाबाईंचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. त्यांचे आजोबा नारायण खुडे हे मूळचे शिरूर तालुक्यातील कवठे यमाईचे. घरचा फड पुढे विठाबाईंचे वडील आणि चुलते यांच्या नावाने 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' म्हणून गाजला. याचा अर्थ असा की, विठाबाईंचे माहेरचे म्हणून जे आडनाव समजले जाते ते मुळात खुडे या आडनावाच्या जागी आलेले आणि गावावरून पडलेले फडाचे नाव होते. माहेरचे आडनाव हे स्त्रीचे खरे किंवा मूळ आडनाव होय, असे विधान अनेकदा केले जाते. नारायणगावकर या नावाच्या संदर्भात ते विधान टिकत नाही. येथे आडनाव व्यवसायातून घडले, कष्टातून रुजले आणि मग वारशाने पुढे गेले.

हे नाव सविस्तर पाहिले तर त्याच्या प्रत्येक पदाला अर्थ आहे. 'विठाबाई' हे जन्मनाव. 'भाऊ' हे वडिलांचे नाव. रूढीप्रमाणे विवाहित स्त्रीच्या नावात ज्या जागी पती यावयाचा, त्या जागी येथे पिता कायम राहिला. 'मांग' हा जातवाचक शब्द आणि 'नारायणगावकर' हा गावाचा निर्देश. संसार झाला, मुले झाली, पुढे स्वतःचा स्वतंत्र फडही उभा राहिला, परंतु पाटीवर पतीचे नाव वा आडनाव आले नाही. शिवाय हे नाव त्यांच्यापाशी थांबले नाही. नारायणगावकर हेच आडनाव त्यांच्या मुलांकडे आणि नातवंडांकडेही गेले. पित्याकडून पुत्राकडे जाणारे आडनाव येथे मातेकडून पुढच्या पिढीकडे गेले, ही मराठी समाजाच्या दृष्टीने असाधारण घटना होय.

तमाशाच्या क्षेत्रात हे उदाहरण एकटे नाही. कांताबाई सातारकर यांनी तुकाराम खेडकर यांच्याशी संसार केला. १९६४ मध्ये खेडकरांच्या निधनानंतर त्यांनी मोठ्या कष्टाने फड पुन्हा उभा केला आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्या सातारकर याच नावाने ओळखल्या गेल्या. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या पाटीवर मुलगा एका आडनावाचा आणि आई दुसऱ्या आडनावाची, असे दृश्य महाराष्ट्राच्या जत्रांनी वर्षानुवर्षे पाहिले. एका कुटुंबात दोन आडनावे असली तर मुलांची ओळख संभ्रमित होते, असा आक्षेप सुशिक्षितांच्या चर्चेत घेतला जातो. तो संभ्रम जत्रेतल्या प्रेक्षकाला झाल्याचे दिसत नाही.

संगीताच्या क्षेत्रातही हीच परंपरा दिसते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल ही नावे गावावरून आलेली आहेत. पतीच्या आडनावाशी त्यांचा संबंध नाही. मोगूबाईंच्या कन्या किशोरी यांनी मात्र विवाहानंतरचे आमोणकर हे आडनाव स्वीकारले आणि त्याच नावाने त्या थोर गायिका झाल्या. विठाबाईंच्या कन्या मंगला यांच्या बाबतीतही असेच घडले. मंगला बनसोडे या नावाने त्यांनी स्वतःचा फड चालविला आणि सासरचे आडनाव पाटीवर आणले. लावणीगायिका सुलोचना चव्हाण यांची सुरुवातीची गाणी सुलोचना कदम या नावाने झाली होती. विवाहानंतर त्यांनी नाव बदलले आणि त्यांची खरी कीर्ती बदललेल्या नावानेच झाली. त्यामुळे कलावंत स्त्री नाव बदलत नाही, असा नियमही काढता येत नाही. आईने नाव राखले आणि मुलीने बदलले, हा क्रम मात्र विचार करण्यासारखा आहे.

टिकलेल्या नावाची किंमत

येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहणे आवश्यक आहे. विठाबाईंचे नाव टिकले म्हणून त्यांना पांढरपेशा स्त्रीपेक्षा अधिक स्वातंत्र्य होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. तमाशातील स्त्रीला समाजाने टाळ्या दिल्या, परंतु घरंदाज म्हणून मान दिला नाही. सासरचे नाव लावणे ही ज्या समाजात प्रतिष्ठेची खूण होती, त्या समाजाने या स्त्रियांना ती खूण सहजासहजी देऊ केली नव्हती. पतीचे नाव न लावणे ही एकीकडे व्यवसायाची गरज होती, तर दुसरीकडे त्या प्रतिष्ठेच्या कुंपणाबाहेर राहिल्याची ती निशाणीही होती.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर मधल्या जागी आईचे नाव आहे. आजच्या वाचकाला ते मातृनावाचा अभिमानपूर्वक केलेला स्वीकार वाटते आणि तो अर्थ चुकीचा नाही. परंतु पित्याचे नाव न मिळालेल्या मुलाला शाळेत, गावात आणि वसतिगृहात जे सोसावे लागले, त्याची हकीकत त्याच पुस्तकात आहे. पित्याचे नाव नाकारण्याचा अधिकार आणि पित्याचे नाव नाकारले जाण्याची अवहेलना या दोन भिन्न गोष्टी आहेत, जरी नावाचा अंतिम आकार एकच दिसत असला तरी. म्हणून नावाची समीक्षा करताना केवळ नावाचे रूप पाहून भागत नाही. ते रूप कोणाच्या निर्णयाने आले, हेही पाहावे लागते.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. तरीही त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या मृत्यूनंतर राज्य शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचे नाव दिले. पुरस्काराच्या नावात 'विठाबाई नारायणगावकर' एवढेच शब्द आहेत. 'भाऊ' आणि 'मांग' ही मधली दोन पदे तेथे नाहीत. योगीराज बागूल यांच्या 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' या चरित्राच्या शीर्षकात तर केवळ 'विठाबाई' आहे. संक्षेप हा व्यवहाराचा भाग आहे, हे मान्य. तरी या संक्षेपात पाटीवरील जात आणि पिता दोन्ही अदृश्य झाले. जे विवाहाने केले नाही ते काही अंशी गौरवाने केले, असे म्हणता येईल.

विठाबाईंविषयीच्या लेखनात प्रयोग चालू असताना झालेल्या प्रसूतीचा प्रसंग आवर्जून येतो. त्यांची कलानिष्ठा आणि सोशिकता यांचा तो दाखला म्हणून सांगितला जातो. मात्र फडाची मालकी, सुपारीचा व्यवहार, नावाची पत आणि तिचा वारसा यांविषयी त्या मानाने कमी लिहिले गेले आहे. सोसणारी स्त्री म्हणून त्या समीक्षेच्या परिचयाच्या आहेत. स्वतःच्या नावावर फड चालविणारी व्यावसायिक स्त्री म्हणून त्यांचा अभ्यास व्हावयास हवा.

आडनाव आणि जात

आडनावाच्या चर्चेत मराठीत जातीचा प्रश्न टाळता येत नाही, कारण आडनावावरून जात ओळखण्याची सवय समाजात खोलवर आहे. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) या आत्मकथनात संस्कृतच्या अध्ययनाविषयीचा जो भाग आहे, तो या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. कुमुद सोमकुवर या दलित मुलीने संस्कृतमध्ये उच्च पदवी मिळविली, तरी अध्यापकाची नोकरी तिला मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर ती कुमुद पावडे झाली आणि थोड्याच काळात नियुक्ती मिळाली. ही नियुक्ती सोमकुवरच्या विद्वत्तेला मिळाली की पावडे या आडनावाला, हा लेखिकेचा प्रश्न मराठी उच्चशिक्षणाला आजही अस्वस्थ करणारा आहे. येथे नामबदलाने नुकसान झाले नाही, लाभ झाला. परंतु तो लाभच अपमानाचा पुरावा ठरला.

याउलट मल्लिका अमर शेख यांनी नामदेव ढसाळ यांच्याशी विवाह झाल्यानंतरही शाहीर अमर शेख यांचे, म्हणजे पित्याचे, नाव लेखनात कायम ठेवले. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे वैवाहिक जीवनाचे परखड आत्मकथन त्याच नावाने प्रसिद्ध झाले. पतीचे नाव स्वतंत्रपणे गाजलेले असताना पित्याचे नाव राखणे हा लेखिकेच्या वाङ्मयीन स्वत्वाचा भाग ठरला. पुरुषाने नाव सोडल्याचे उदाहरणही तमाशात आहे. श्रीधर कुलकर्णी हे पवळा या दलित कलावतीच्या साथीने तमाशात उतरले आणि पठ्ठे बापूराव या नावाने अजरामर झाले. वतनदारीची खूण असलेले कुलकर्णी हे आडनाव फडाच्या पाटीवर राहिले नाही. पुरुषाने आडनाव सोडले तर त्याला त्याग म्हटले जाते. स्त्रीने सोडले तर तो रिवाज मानला जातो.

जमीन, दाखले आणि नाव

जुन्नर तालुक्याला सुधारणेची परंपरा आहे. सत्यशोधक समाजाच्या कार्याचे ओतूर हे एक प्रमुख केंद्र होते. तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरी पुरोहितावाचून लग्न लागले. त्यावरून भटजींनी दावा लावला आणि हे प्रकरण न्यायालयात गाजले. महात्मा फुले यांनी रचलेल्या विवाहविधीत वधू वरासमोर स्त्रीच्या हक्कांची मागणी मांडते. पुरोहिताचा अधिकार नाकारणाऱ्या आणि वधूला वाचा देणाऱ्या या विधीचे महत्त्व मोठे आहे. तथापि लग्नानंतरच्या नावाची रीत हा त्या लढ्याचा विषय झाला नाही. याच काळात 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे मात्र पित्याच्याच आडनावाने ओळखल्या गेल्या, कारण त्यांचे पती घरजावई म्हणून राहिले होते. स्त्री ज्या घरात राहिली त्या घराचे नाव तिला राहिले. नावाचा पाया घर आणि मालमत्ता यांत असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आजच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा संबंध अधिक ठळकपणे दिसतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे येथील पूर्व भागात बागायत वाढली आणि जमिनीला मोल आले. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. परंतु वारसनोंदीत विवाहित मुलीचे नाव सासरच्या आडनावाने येते, तेव्हा भावांच्या एका आडनावाच्या यादीत ते परके दिसते. हक्कसोडपत्रावर सही मागणाऱ्यांना हे परकेपण सोयीचे ठरते. नाव बदलल्याने कायद्याने हक्क जात नाही. समजुतीने मात्र तो क्षीण होतो.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगाव येथे आहे. येथील विवाहित स्त्रीची जात जन्माने ठरते. जातपडताळणीसाठी तिला वडिलांकडील दाखले द्यावे लागतात. शिधापत्रिकेवर आणि मतदार यादीत मात्र तिचे नाव सासरचे असते. राखीव जागेवर निवडणूक लढविणारी किंवा नोकरीसाठी अर्ज करणारी स्त्री एकाच वेळी दोन नावांनी शासनासमोर उभी असते. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच पडतो.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेला निर्णय या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आवश्यक करण्यात आला. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धत चालू ठेवण्यात आली. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही देण्यात आली. आई म्हणून स्त्रीचे नाव अपत्याच्या नावात आले, परंतु विवाहित स्त्री म्हणून तिच्या स्वतःच्या नावाची घडण तशीच राहिली. मालमत्तेसंबंधीची मुभा मात्र नारायणगावच्या पाटीने दाखविलेल्या सत्याशी जुळते. जेथे नावावर काही उभे असते, तेथे नाव टिकविण्याची गरज मान्य होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. विवाहानंतर नाव कायम राखणे ही केवळ आधुनिक शिक्षणाची देणगी नाही. मराठी लोकरंगभूमीवर आणि संगीतात ही परंपरा दीर्घकाळ होती. ती अनुल्लेखित राहिली, कारण त्या स्त्रियांची निवड ही निवड म्हणून मोजलीच गेली नाही. दुसरे असे की, नाव टिकणे किंवा बदलणे यावरून स्त्रीचे स्वातंत्र्य मोजता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी बदललेल्या नावाने स्वतःचा आवाज घडविला. विठाबाईंनी न बदललेल्या नावाने फड चालविला आणि त्याची सामाजिक किंमतही दिली. कुमुद पावडे यांना बदललेल्या आडनावाने नोकरी दिली आणि तिच्यासोबत एक न मिटणारा प्रश्नही दिला.

तिसरी गोष्ट महाविद्यालयीन क्षेत्राशी थेट निगडित आहे. प्राध्यापिकेची पदवी एका नावाने, सेवापुस्तक दुसऱ्या नावाने आणि संशोधनलेख कधी एका तर कधी दुसऱ्या नावाने, ही स्थिती अपवादात्मक नाही. विद्वत्तेच्या क्षेत्रातही नाव हीच पाटी असते. सूचीत दोन नावांत विभागलेले एकाच संशोधिकेचे काम अर्धे अदृश्य होते. तेव्हा विवाहाच्या वेळी मुलीसमोर प्रश्न ठेवताना नाव बदलणे संस्कृतीला धरून आहे की नाही, एवढ्यावर थांबू नये. या नावावर तिचे काय उभे आहे, ते बदलल्यास किंवा न बदलल्यास किंमत कोण देणार, आणि तो निर्णय तिचा आहे काय, हे विचारले पाहिजे. निर्णय कोणताही असो, त्यापायी तिचा जमिनीतील वाटा, जातीचा दाखला किंवा केलेले काम संशयास्पद ठरू नये, ही जबाबदारी समाजाची आणि संस्थांची आहे. विद्यार्थिनींचे प्रवेशअर्ज, दाखले आणि प्रबंध ज्यांच्या हातून जातात त्या महाविद्यालयांना या जबाबदारीची सुरुवात स्वतःच्या कार्यालयापासून करता येईल.